नऊ बंद घरं

पाणीपट्टी विभागातल्या बाईंनी मला वाचवलं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला वाटायला नको की मीच काही मोठं केलं. मी जे केलं ते चुकीचं केलं आणि त्याचा भार त्यांनी उचलला. त्यांचं नाव लिहीत नाही. शहराचंही लिहीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं, सिमेंटच्या कारखान्यांच्या बाजूचं एक नगर परिषदेचं गाव, एवढं पुरे. त्या अजून नोकरीत आहेत.

माझं माहेर भामरागडच्याही पलीकडे. पावसाळ्यात नदी चढली की रस्ता तुटतो. मग मीठ संपलं काय आणि माणूस आजारी पडला काय, बसून राहायचं. मी आश्रमशाळेत आठवीत होते. आईची तब्येत बिघडली म्हणून घरी आले, तेवढ्यात नदी चढली. नदी उतरेपर्यंत आईचं सगळं मीच करू लागले होते. शाळा नदीच्या त्या बाजूला राहून गेली. मला कोणी शाळेतून काढलं नाही आणि मीही सोडली असं नाही. पण विचारलं की मी सांगते, आठवी नापास. ते सांगायला सोपं जातं.

लग्नानंतर इकडे आलो. नवरा कारखान्यात ठेकेदाराकडे पोती भरायला जातो. काम असलं तर आठ दिवस सलग, नसलं तर पंधरा दिवस घरी. मुलगी पाचवीत आहे. भाड्याची एक खोली आहे. वस्तीतल्या बचत गटाला नगर परिषदेचं काम मिळालं, पाण्याची बिलं घरोघर वाटायचं, आणि त्यात माझंही नाव लागलं. त्या कामाच्या कराराचा कागद एका वर्षाचा असतो. दर एप्रिलमध्ये नवा होतो किंवा होत नाही. तो झाला नाही तर खोली सोडून परत जायचं, हे मला आणि नवऱ्याला न बोलता माहीत होतं. परत गेलो तर मुलीचं शिक्षण कुठे थांबेल तेही मला माहीत होतं.

पाण्याचं बिल असतं, हे मला इथं आल्यावर कळलं. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डा करायचा, पाणी झिरपून वर आलं की वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायचं. बिल कोण देणार, नदी? पहिल्या महिन्यात बिलांचा गठ्ठा हातात घेऊन मी लोकांच्या दारात उभी राहायची तेव्हा मलाच लाज वाटायची. जणू मीच ते पाणी विकायला आणलं होतं.

बाईंची ओळख त्या पहिल्या महिन्यातली. खिडकीजवळ त्यांचं टेबल, मागे फायलींनी वाकलेलं लोखंडी रॅक, चष्म्याला काळी दोरी. कोणत्या घरी बिल दिलं, कोणी घेतलं, शेरा काय, हे मला तक्त्यात भरायचं होतं. माझा हात इतका घट्ट होता की कागद फाटला. बाईंनी पाहिलं. ड्रॉवरमधून पेन्सिल काढून दिली.

"आधी पेन्सिलीनं लिव्ह. मंग त्याच्यावरून पेन फिरव. इथी कोनाले घाई नाई."

घाई सगळ्यांनाच होती, ते मला नंतर कळलं. पण त्या दिवशी मी पेन्सिलीनंच लिहिलं.

मार्च आला. आमच्याकडचा मार्च म्हणजे दुपारी एकनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्याच महिन्यात नगर परिषदेचं बजेट पक्कं होतं आणि त्याच महिन्यात वसुली. पाणीपुरवठ्याच्या अभियंता साहेबांनी आम्हा सगळ्या बायांना बोलावलं. ते ओरडले नाहीत. हिशेब सांगतात तसं सांगितलं, की पाणी खात्याचा खर्च जमेपेक्षा मोठा झाला आहे, थकबाकीदारांचे नळ तोडावे लागतील, आणि वसुली नाही झाली तर पुढच्या वर्षी तुमच्या गटासाठी तरतूद कुठून ठेवू? माझ्या शेजारची बाई पदरानं तोंड पुसत राहिली. मी माझ्या चपलेकडे बघत होते.

दुपारी घरी बायाच असतात, म्हणून नळ तोडणाऱ्या फिटरसोबत एक बाई माणूस पाहिजे असा साहेबांचा नियम. मला फिटर भाऊंसोबत दिलं. पन्नाशीचे, कोरपन्याकडचे. घरी कापूस होता, पण नोकरी इथं लागली म्हणून इथले झाले. त्यांच्या खांद्यावर पाना, थैलीत लोखंडी बुचं. मी पुढे जाऊन नोटीस वाचून दाखवायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, मग भाऊ जमीन उकरून पाइप खोलायचे आणि बूच मारायचे. घर बंद असलं तर त्या दिवशी नळ तोडायचा नाही, शेरा लिहून पुढे जायचं, हाही नियम.

आता माझी चूक.

माझ्या बापाचं एक होतं. ज्याच्या दारचं पाणी प्यायलो त्याच्या दारातून तक्रार घेऊन निघायचं नाही. भांडण असलं तर आधी पाणी नाही प्यायचं. पाणी प्यायलं की भांडण संपलं, निदान त्या दिवसापुरतं. गावात दोन भावांचं शेतावरून फाटलं होतं तेव्हा मोठा भाऊ धाकट्याच्या अंगणात उन्हात उभा राहिला आणि धाकट्यानं तुंबा पुढे केला तर त्यानं हात मागे घेतला, हे मी लहानपणी पाहिलं आहे. त्याला तहान लागली होती. पण प्यायला असता तर बोलता आलं नसतं.

आणि इथं, या शहरात, उन्हातून कोणी आलं की आधी पाणी. नळ तोडायला आलेल्यालाही. नोटीस वाचून होत नाही तोवर आतून लोटा येतो, सोबत गुळाचा खडा. "बसा, पानी घ्या, मंग सांगा काय ते."

मी नाही म्हणायची. पहिल्या दिवसापासून नाही म्हणायची. प्यायले तर तोडता येणार नाही, आणि तोडलं नाही तर एप्रिल. इतकं साधं गणित होतं माझं. घरून एक बाटली न्यायची, ती अकरा वाजता संपायची. मग यादीत ज्यांचं बिल भरलेलं आहे अशा एखाद्या घरी मागून प्यायची. काही गल्ल्यांत तसं घर सापडायचं, काहींत नाही.

फिटर भाऊ दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उपास धरला का वो ताई? पान्याचा बी उपास असते काय?"

"तहान नाई भाऊ."

"तहान नाई म्हणते. ओठ पाहा आपले आरशात, काळ्या जमिनीवानी भेगा पडल्या."

त्या दिवशी आम्ही एका गल्लीत चार नळ तोडले. एका घरी बाईनं ताटलीत लोटा ठेवून बाहेर आणला होता. मी नको म्हटलं. तिनं लोटा तसाच आत नेला आणि दारात उभी राहून बूच मारताना बघत राहिली. हे घर लक्षात ठेवलं पाहिजे, कारण पुढे ते येणार आहे.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या गल्लीत गेलो. सोळा घरं. यादी बघितली तर जिथे मला पाणी मागता येईल असं एकही घर त्या दिवशी उघडं नव्हतं. पहिलंच दार एका म्हातारीचं. ती एकटी राहते, लोकांच्या वाकळी शिवून देते. दाराच्या सावलीत वाकळ पसरून बसली होती. मी नोटीस वाचायला घेतली. दोन ओळी वाचल्या, तिसरी ओळ हलायला लागली. पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा डोक्याखाली तीच वाकळ होती, कपाळावर ओलं फडकं, आणि लोटा माझ्या ओठांना लागलेला.

"पी माय. हळू पी. काय पोरगी आहे, इतक्या उन्हात कोरडीच्या कोरडी."

मी एक लोटा प्यायले, दुसरा प्यायले. मग समजलं, आपण काय केलं.

फिटर भाऊंनी तोवर पाइपजवळची माती काढून ठेवली होती. मला बरं वाटलेलं बघून ते पाना घेऊन वाकले.

"भाऊ, राहू द्या."

"काऊन?"

"यायच्या घरचं पानी पेलं मी."

भाऊ आधी हसले. "पेलं त पेलं. साहेबाले जाऊन सांगू काय, पार्टीनं पानी पाजलं म्हणून सोडून आलो?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू थांबलं. ते उभे राहिले, पायानं माती खड्ड्यात लोटली. "कागद तुमचा आहे ताई. कागदावर काय लिहाचं ते तुम्ही पाहा. मी पाना चालवनारा मानूस."

मी लिहिलं, "घर बंद."

दार सताड उघडं होतं. म्हातारी दारात उभी राहून मला विचारत होती, अजून पाणी पाहिजे का. तिला वाचता येत नाही. तिच्या समोर मी ते लिहिलं.

एकदाच झालं असतं तर कदाचित निभलं असतं. पण फिटर भाऊंनी सांगितलं, "उद्यापासून दारचं पानी पेसान, नाई त मी साहेबाले सांगतो ही बाई उन्हात मराले आली आहे. माझ्या हातावर नोको मरू." मी घाबरले. प्यायला लागले. आणि जिथे प्यायले तिथे मला बूच मारायला सांगता येईना. त्या गल्लीत तीन दिवस गेलो. नऊ घरांपुढे मी तेच दोन शब्द लिहिले. पेन्सिल न वापरता, थेट पेनानं.

शनिवारी तक्ते बाईंच्या टेबलावर गेले. सगळ्या बाया निघाल्या तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"बस. ह्या गल्लीत घरं किती?"

"सोळा."

"अन् बंद किती?"

मी टेबलावरचा तक्ता बघू लागले.

"नऊ. सारी गल्ली एकाच लग्नाले गेली काय वो? मले बी सांगाचं होतं, मी बी आली असती जेवाले."

त्या हळू बोलत होत्या, बाजूच्या टेबलावर ऐकू जाणार नाही असं. मला वाटलं, आता रडू येईल. रडू आलं नाही, घाम आला. मी सांगितलं. बापाचं सांगितलं, पडले ते सांगितलं, म्हातारीचं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या.

"तू पानी पेलं, ठीक आहे. पन तू पेलं म्हणून ते पानी फुकट झालं काय? नदीवर मोटर चालते, तिचं लाइटबिल कोन भरते? तुरटी लागते, पावडर लागते. पाइप फुटला त खड्डा खोदाले मानूस लागते."

मग त्यांनी रॅकवरून बजेटचं पुस्तक काढलं. जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. मी ते कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. एका पानावर बोट ठेवलं. "वाच."

मी अक्षर लावून वाचलं. कंत्राटी मनुष्यबळ.

"इथी तू आहे. अन् हे वर पाहा, जमेच्या बाजूले पानीपट्टी. त्या म्हातारीनं भरलं त तुले भेटते. समजलं?"

समजलं. मी त्या ओळीकडे बघत राहिले. आपण एखाद्या पुस्तकात आहोत हे मला माहीत नव्हतं. नाव नव्हतं तिथे, पण मी होते, आणि माझ्या वरच्या ओळीत त्या सगळ्या गल्लीतली माणसं होती. म्हणजे मी तोडलं तरी चूक आणि सोडलं तरी चूक, असं मला वाटलं. मी तसं बाईंना म्हटलं.

"थांब," त्या म्हणाल्या, आणि मागची पानं उलटली. "हे वाच आता."

दुर्बल घटकांसाठीचा राखीव निधी. त्यातून निराधार, विधवा, अपंग यांच्या पाणीपट्टीत सवलत द्यायचा एक जुना ठराव होता. थकलेलं बिल हप्त्यानं भरता येईल असाही एक होता. दोन्ही मंजूर, दोन्ही कपाटात.

"दरवर्षी हे छापते," बाई म्हणाल्या, "अन् दरवर्षी मार्चात तसंच शिल्लक राह्यते. अर्ज येत नाई म्हणून खर्च होत नाई. खर्च होत नाई म्हणून वर म्हणते, लोकायले गरजच नाई."

"मंग अर्ज काऊन येत नाई बाई?"

"कोनी सांगतलं त येईन ना."

रविवारी त्या माझ्यासोबत त्या गल्लीत आल्या. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पैशानं कोऱ्या अर्जांच्या झेरॉक्स काढून. समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही बसलो. फिटर भाऊही आले, पाना न घेता. दवंडी पिटायला आलो म्हणाले, आणि खरोखर दारोदार जाऊन बोलावून आणलं.

लोक आले, पण विश्वास नव्हता. एका बाईनं मला बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "कालपर्यंत बूच घेऊन फिरत होती, आज फारम घेऊन आली. उद्या काय आनन, हार?" सगळे हसले. मीही हसले असते, पण मला खाली बघायची सवय.

"सांग त्यायले," बाई मला म्हणाल्या. मी मान हलवली, नाही म्हणून. "मी सांगतलं त ऑफिस बोलून राह्यलं असं वाटनार. तू सांग."

मी सांगितलं. काय सांगितलं ते नीट आठवत नाही. आवाज फुटत नव्हता. पण बजेटमधली ती ओळ सांगितली, माझ्या पगाराची. त्यावर एक जण म्हणाला, "म्हंजे आमी तुले पोसून राह्यलो?" मी म्हटलं, "हो." त्यानंतर लोक विचारू लागले. कागद कोणते, रेशनकार्ड चालते का, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला नसला तर काय. एकीनं विचारलं, नावं बोर्डावर लागतील का. लागणार होती, तसा नियम. ती उठून गेली. थोड्या वेळानं परत आली आणि अर्ज भरला.

वाकळी शिवणाऱ्या म्हातारीनं सवलत घेतली नाही. "निराधार लिव्हू नोको मले," ती म्हणाली. "हात चालते अजून. हप्ते पाड." बाईंनी तिला समजावलं की यात कमीपणा नाही, तिच्यासाठीच ठेवलेलं आहे. ती म्हणाली, "ज्याचे हात चालत नाई त्याले द्या." बाईंनी हप्ते पाडले.

ते सगळे अर्ज मी लिहिले. आधी पेन्सिल, मग पेन. अंधार पडायच्या आत संपवले. बाईंनी एकेक तपासला, चुका खोडरबरानं पुसून पुन्हा लिहायला लावल्या. एवढी नावं मी माझ्या हातानं कधी लिहिली नव्हती. दोन आठवड्यांत काही घरांना सवलत मंजूर झाली, काहींनी पहिला हप्ता भरला. साहेबही बाईंना म्हणाले, चांगलं काम झालं.

मग तक्रार आली.

ज्या गल्लीत आम्ही चार नळ तोडले होते तिथला एक माणूस कार्यालयात आला. ताटलीत लोटा आणणाऱ्या बाईचा नवरा. तो भांडला नाही. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "आमच्या घरी बी मानसं होते, त्यायच्या घरी बी मानसं होते. आम्ही डोळ्यानं पाह्यलं. आमाले बूच अन् त्यायचे नळ तसेच चालू, हा कुठला न्याय आहे, तेवढं सांगा."

त्याचं म्हणणं पूर्ण खरं होतं. त्याच्या बायकोनं पाणी आणलं होतं आणि मी हात मागे घेतला होता. प्यायले असते तर त्याचाही नळ राहिला असता. त्याच्या घरचा नळ राहणार की जाणार, हे माझ्या तहानेवर ठरलं. इतका अन्याय मी कोणावर करू शकते, हे मला कधी वाटलं नव्हतं. मी तर आयुष्यभर लोकांच्या बाजूला सरकून उभी राहणारी.

साहेबांनी तक्ते मागवले. मला आणि बाईंना आत बोलावलं. तक्ते टेबलावर होते. नऊ वेळा माझं अक्षर.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

"घरं बंद होती?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं. शपथेवर सांगते, सांगायचं होतं. पण एप्रिलचा तो कागद, खोली, मुलीचं दप्तर, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि जीभ हलली नाही.

"मी सांगतलं होतं तिले," बाई म्हणाल्या. "त्या गल्लीतले अर्ज येनार होते. सवलत मंजूर व्हयेपर्यंत नळ तोडू नोको म्हटलं. दुसरा शेरा तक्त्यात बसत नाई, म्हणून घर बंद लिव्हाले लावलं."

साहेबांनी तक्ते बाजूला सरकवले. "लेखी आदेश?"

"नाई. तोंडी."

"तोंडी आदेश द्यायचा अधिकार तुम्हाला नाही, बाई. आणि बाजूच्या गल्लीतले अर्ज का नाही घेतले?"

"ते माझं चुकलं."

मी उभीच होते. खोटं बाई बोलत होत्या आणि मी ऐकत होते. अर्ज तर नंतर आले होते. ते साहेबांनाही कदाचित कळत होतं. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि मी गेले. बाहेर जाताना वाटलं, आत्ता वळावं. वळले नाही.

बाईंना ताकीद मिळाली. सेवापुस्तकात नोंद झाली आणि एक वेतनवाढ थांबली. पाणीपट्टीच्या टेबलावरून काढून त्यांना मागच्या बाजूच्या अभिलेख खोलीत बसवलं. तिथे खिडकी नाही. जुन्या मालमत्तांच्या फायली शोधून द्यायच्या, एवढं काम. निवृत्तीला फार वर्षं राहिलेली नाहीत त्यांच्या.

एप्रिलमध्ये आमच्या गटाचा कागद नवा झाला. माझं नाव होतं.

मी त्याच दिवशी अभिलेख खोलीत गेले. त्या स्टुलावर चढून वरचा गठ्ठा काढत होत्या. मी खालून धरला.

"बाई, मी साहेबाले सांगते. मीच केलं म्हणून."

"काऊन? आता दोघीनं मिळून घरी बसाचं आहे काय?" त्या खाली उतरल्या, धूळ झटकली. "मले ताकीद भेटली, नोकरी नाई गेली. तुयी त गेली असती. अन् तू सांगतलं त मी खोटं बोलली हे बी निघन. मंग ताकिदीवर भागते काय?"

"पन तुमची वेतनवाढ…"

"ते माझं मी पाहीन. तू त्या मानसाचं पाहा." आणि टेबलावरचा एक अर्ज माझ्याकडे सरकवला. खिडकीशी आलेल्या त्या माणसाचा. त्यांनी पाणीपट्टीचं टेबल सोडायच्या आधी त्याला बोलावून भरून घेतला होता. हप्त्याचा. "नेऊन दे. अन् नळ जोडताना सोबत जा. तू गेली पाह्यजे."

मी गेले. फिटर भाऊंनी बूच काढलं, पाइप जोडला, नळ सोडून पाहिला. त्या घरची बाई दारात होती. तिनं मला पाणी विचारलं नाही. मी नोंद केली आणि निघाले. भाऊ रस्त्यानं एकदाच म्हणाले, "चाला ताई, ऊन वाढून राह्यलं."

आता बिलं वाटताना मी प्रत्येक घरी आधी सवलतीचं आणि हप्त्याचं सांगते, मग बिल देते. नव्या बजेटात त्या निधीची ओळ पुन्हा छापली आहे, आणि यंदा त्यातून खर्च झाला असंही लिहिलं आहे. बाईंचं नाव त्यात कुठे नाही. नावं तिथे लिहीतच नाहीत.

मी दहावीचा बाहेरून बसायचा अर्ज भरला आहे. बाईंनीच भरायला लावला. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गणित शिकते, त्या बिनखिडकीच्या खोलीत. त्या रागावतात, पाढे पाठ नाहीत म्हणून. सेवापुस्तकाचा विषय त्या काढत नाहीत. मी काढला तर म्हणतात, पुढचं गणित सोडव.

पण मला रोज ती साहेबांची खोली आठवते. त्या बोलत होत्या आणि मी उभी होते. उपकार तर झालेच, पण त्यापेक्षा मोठं ओझं माझ्या गप्प राहण्याचं आहे.

बाई, हे तुम्ही कधी वाचलंत तर रागावू नका. माझं पोट बजेटातल्या त्या एका ओळीवर अवलंबून नसेल असा दिवस मी आणीन. दहावीनं आणीन, नाहीतर दुसऱ्या कशानं. तुम्ही निवृत्त व्हायच्या आधी आणायचा प्रयत्न करीन. त्या दिवशी मी स्वतःच्या अक्षरात जबाब लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवीन, की घरं उघडी होती, शेरा माझा होता, आणि बाईंनी मला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही खोटं बोललात ते कोणासाठी, तेही लिहीन. तुमच्या सेवापुस्तकातली ती नोंद खोडली जाईपर्यंत मी त्या दारातून हलणार नाही.